नकाशाची रेषा आणि पर्यावरणीय मंजुरी : पश्चिम किनारा व सह्याद्री यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

पर्यावरणविषयक कायद्यांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा विधिशास्त्राच्या अंगाने केला जातो. कोणत्या वर्षी कोणता अधिनियम झाला, न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा लावला, शासनाने त्यात कोणत्या दुरुस्त्या केल्या, हा क्रम आता पुष्कळसा परिचयाचा झाला आहे. परंतु या कायद्यांच्या अंमलबजावणीत ज्या साधनावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, त्या नकाशाच्या इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे.

जल प्रदूषणासंबंधीचा १९७४ चा अधिनियम व वायु प्रदूषणासंबंधीचा १९८१ चा अधिनियम यांचा मुख्य प्रश्न, उद्योगातून काय बाहेर पडते व किती बाहेर पडते, असा होता. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत असे. १९८० चा वन (संवर्धन) अधिनियम आणि १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली निघालेल्या अधिसूचना यांनी दुसराच प्रश्न पुढे आणला. प्रकल्प कोठे आहे? तो भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर आहे? ती जमीन वन आहे काय? अभयारण्याची हद्द तेथून किती दूर आहे? या प्रश्नांचे उत्तर नकाशाच देऊ शकतो. म्हणून १९८० नंतरच्या पर्यावरणीय मंजुरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी नकाशाचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आज हे नकाशे संगणकावर तयार होतात. उपग्रहाने घेतलेल्या प्रतिमा, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या आधारे अर्ज तपासले जातात. या साधनांमुळे जुने वाद मिटतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक वाद मिटले, परंतु काही नव्याने उभे राहिले. त्यांचे कारण साधनांच्या उणिवेत शोधण्यापेक्षा, भिन्न हेतूंनी व भिन्न काळी तयार झालेल्या नकाशांच्या परंपरा एकाच कागदावर आणल्या गेल्या या घटनेत शोधावे लागते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. नकाशांच्या दोन परंपरा

भारतातील आधुनिक नकाशालेखनाच्या दोन शाखा प्रारंभापासून स्वतंत्र वाढल्या. पहिली शाखा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून या कार्याला आरंभ केला आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने ते उत्तरेकडे नेले. या शाखेचा हेतू लष्करी व प्रशासकीय होता. डोंगर, नद्या, रस्ते, किल्ले, गावांची स्थाने ही पृथ्वीगोलावर अक्षांश-रेखांशांनी निश्चित करावयाची आणि त्यांवरून स्थलदर्शक नकाशे तयार करावयाचे, हे तिचे काम. कोणाचे शेत कोठे संपते याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

दुसरी शाखा महसुली मोजणीची. मुंबई इलाख्यात प्रिंगल याच्या मोजणीचा प्रयोग फसल्यानंतर १८३५ साली इंदापूर तालुक्यात विंगेट व गोल्डस्मिड यांनी नव्या पद्धतीचा पाया घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला स्थिर रूप आले. शेताची मोजणी साखळीने व्हावयाची, बांधांचे दगड ठरावयाचे, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळावयाचा आणि त्यावर सारा बसवावयाचा, अशी ही पद्धती होती. गुंठा हे क्षेत्रमाप याच साखळीशी जोडलेले आहे; ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. या शाखेने गावनकाशा, टिपण व फाळणी हे दस्तऐवज निर्माण केले. शेत कोणाचे व किती, हे ते नेमके सांगत. परंतु ते शेत पृथ्वीगोलावर कोठे आहे, हे सांगण्याची त्यांस गरज नव्हती. गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसत. दोन शेजारच्या गावांचे नकाशे शिवेवर एकमेकांस तंतोतंत जुळतीलच अशी खात्री नसे, आणि सारा गावागावाने गोळा होत असल्यामुळे त्यावाचून कोणाचे अडतही नसे.

या दोन शाखांना एकत्र येण्याचे कारण दीर्घकाळ पडले नाही. सेनाधिकाऱ्याला सर्व्हे नंबर नको होता आणि तलाठ्याला रेखांश नको होता. पर्यावरणीय मंजुरी हा पहिला असा व्यापक व्यवहार ठरला, की ज्यात दोन्ही एकाच वेळी हवे झाले. भरतीची रेषा ही निसर्गातील गोष्ट. तिचे स्थान पहिल्या शाखेच्या भाषेत सांगावे लागते. बंधन मात्र कोणाच्या तरी जमिनीवर येते. ते दुसऱ्या शाखेच्या भाषेत लिहावे लागते.

३. आच्छादनाची कल्पना व उपग्रहांचे आगमन

एकाच प्रदेशाचे निरनिराळे नकाशे एकावर एक ठेवून निर्णय घ्यावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उत्तर अमेरिकेत पद्धतशीर रीतीने मांडली गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भूदृश्यरचनाकार इयान मॅकहार्ग याने उतार, मृदा, जलप्रवाह, वने, वस्ती यांचे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून, रस्त्यासारखा प्रकल्प कोठून न्यावा हे ठरविण्याची पद्धती १९६९ च्या आपल्या ग्रंथात विशद केली. त्याच दशकात रॉजर टॉमलिन्सन याने कॅनडाच्या भूमिसूचीच्या कामासाठी हेच कार्य संगणकाकडून करून घेण्याची व्यवस्था उभारली. भौगोलिक माहिती प्रणालीचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियम १ जानेवारी १९७० रोजी संमत झाला व प्रकल्पाच्या परिणामांचे पूर्वमूल्यमापन ही प्रशासकीय आवश्यकता बनली. तंत्र व कायदा यांची ही जवळजवळ एककालीन वाढ ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात १९७२ नंतर लॅण्डसॅट उपग्रहांच्या प्रतिमा उपलब्ध होऊ लागल्या. त्यांतील एक चित्रघटक सुमारे ८० मीटर बाजूचा, म्हणजे जमिनीवर दीड एकराहून मोठा होता. १९८१ साली स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाने १९८७ साली आपला पहिला वनस्थिती अहवाल प्रसिद्ध केला; तो १९८१ ते १९८३ या काळातील प्रतिमांचे डोळ्यांनी वाचन करून, दहा लाखास एक या प्रमाणावर तयार झाला होता. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह कक्षेत गेला आणि १९९५ साली आयआरएस-१सी या उपग्रहाने २३·५ मीटरांचा चित्रघटक दिला. २००१ च्या वनस्थिती अहवालापासून संपूर्ण देशाचे वाचन संगणकाने, ५०,००० स एक या प्रमाणावर होऊ लागले आणि किमान एक हेक्टर क्षेत्र नकाशात दाखविता येऊ लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उपग्रहाच्या प्रतिमेला वृक्षाच्छादन दिसते. वन ही कायद्याची संज्ञा तिला दिसत नाही. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार दहा टक्के वा अधिक छत्राच्छादन असलेली, एक हेक्टर वा अधिक क्षेत्राची जमीन वनाच्छादनात मोडते, मग तिची मालकी कोणाचीही असो आणि वृक्ष कोणत्याही जातीचे असोत. साहजिकच कोकणातील दाट आंबा-काजूच्या बागा या नकाशात वनाच्छादन म्हणून येऊ शकतात, आणि वृक्षहीन झालेली राखीव वनाची जमीन त्यातून वगळली जाऊ शकते. पाहणीच्या दृष्टीने ही व्याख्या निर्दोष आहे. तिच्या आधाराने मंजुरी देणे वा नाकारणे मात्र वेगळे.

४. भरतीची रेषा

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने समुद्र, उपसागर, खाड्या आणि भरतीचा प्रभाव असलेल्या नद्या यांच्या काठी, भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्र म्हणून घोषित केला. किनाऱ्यावरील राज्यांनी एका वर्षात व्यवस्थापन योजना तयार कराव्यात, अशी आज्ञा होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयास हा प्रश्न हाती घ्यावा लागला, तेव्हा पुष्कळ राज्यांच्या योजना तयारच नव्हत्या आणि न्यायालयाने त्या करण्याचे आदेश दिले. सगळा दोष अनास्थेस देणे युक्त होणार नाही. ज्या रेषेपासून सर्व अंतरे मोजावयाची, ती रेषा कोणत्याही विद्यमान नकाशावर या हेतूने काढलेली नव्हती. शिवाय किनारपट्टीचे मोठ्या प्रमाणावरील स्थलदर्शक नकाशे तेव्हा निर्बंधित वर्गात होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व मुक्त मालिका असे दोन भाग केल्यानंतर ही अडचण कमी होऊ लागली.

६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेत नकाशांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे जोडली आहेत, ती नकाशाच्या इतिहासकाराने मुळातून वाचावीत. व्यवस्थापन योजनेचे नकाशे २५,००० स एक या प्रमाणावर असावेत आणि त्या प्रमाणाचे मूळ नकाशे नसतील तेथे ५०,००० स एक या प्रमाणाचे नकाशे मोठे करून घ्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. स्थानिक अंमलबजावणीसाठी मात्र ३९६० स एक किंवा त्याजवळच्या प्रमाणाचे गावनकाशे वापरावयाचे आहेत. हा ३९६० चा आकडा सहज आलेला नाही. एक इंच म्हणजे ३३० फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीच्या दहा लांब्या. मैलाला सोळा इंच. अशा रीतीने एकविसाव्या शतकातील पर्यावरणीय नियमनाच्या अखेरच्या टोकाशी एकोणिसाव्या शतकातील साखळीच उभी आहे.

प्रमाणाचा परिणाम काय होतो, हे साध्या गणिताने कळते. नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा काढली, तर ५०,००० स एक या प्रमाणावर ती जमिनीवरील २५ मीटर व्यापते. २५,००० स एक या प्रमाणावर साडेबारा मीटर. आणि ३९६० स एक या प्रमाणावर सुमारे दोन मीटर. मूळ नकाशा मोठा केल्याने रेषा लांब होते. तिच्यातील ज्ञान वाढत नाही. संगणकाच्या पडद्यावर तर हा भेद दिसेनासाच होतो, कारण तेथे कोणताही नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो आणि रेषेची जाडी मात्र तशीच राहते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते, असा पट्टा होता. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तो ५० मीटरांवर आणला. पट्टा पन्नास मीटरांचा आणि रेषेची अनिश्चितता पंचवीस मीटरांची, अशी स्थिती एखाद्या ठिकाणी असेल, तर तेथील मच्छीमाराचे घर बंधनाच्या आत की बाहेर, हे नकाशा सांगू शकत नाही. तरीही निर्णय मात्र त्यावरूनच होतो.

२०१९ च्या अधिसूचनेतील आणखी एक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष महत्त्वाची वाटावी. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा पाण्याचे दार असेल, तर भरतीची रेषा त्या बांधापर्यंतच धरावी, मात्र बांधाच्या आत खारे पाणी शिरून उगवलेली कांदळवने अतिसंवेदनशील वर्गातच राहतील, असे तीत ठरविले आहे. गोव्याची खाजणे आणि कोकणातील खारभूमी यांच्या बाबतीत हा नियम फार दूरवर जातो. गोव्यात गावकारीने शतकानुशतके बांध राखले आणि मानसांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडण्याची व्यवस्था चालविली. मुंबई राज्यात १९४८ साली व महाराष्ट्रात १९७९ साली खारभूमीसंबंधी स्वतंत्र अधिनियम झाले आणि त्यांखाली बांधांची कामे व नोंदी झाल्या. एखादा बांध १९९१ पूर्वी अस्तित्वात होता काय, हा प्रश्न अशा रीतीने मंजुरीचा प्रश्न बनतो. आणि त्याचे उत्तर आजच्या उपग्रहप्रतिमेत नसून जुन्या नकाशांत, हवाई छायाचित्रांत व दफ्तरांत आहे. तीन-चार मीटर रुंदीचा मातीचा बांध २४ मीटरांच्या चित्रघटकात स्वतंत्रपणे दिसणे अशक्यप्राय आहे.

दोन परंपरांचा यशस्वी संयोग कसा होतो, याचे उदाहरण मुंबई व परिसरातील कांदळवनांच्या प्रकरणात सापडते. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने कांदळवनांची तोड व त्यांच्या सभोवती ५० मीटरांत बांधकाम यांस मनाई केली. उपग्रहप्रतिमांवरून कांदळवनांचे नकाशे तयार झाले. ते गावनकाशांवर बसवून सर्व्हे नंबर निश्चित करण्यात आले. शासकीय जमिनींवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून घोषित होऊ लागली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने हे संरक्षण कायम झाले व सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासही न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरली. केवळ प्रतिमेने हे साधले नसते. प्रतिमेतील हिरवा रंग सात-बाराच्या उताऱ्यापर्यंत पोहोचला, म्हणून तो कायद्याच्या दृष्टीस पडला.

५. वन कोणते? लाफार्ज प्रकरणाचा बोध

१२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने वन या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला. मालकी कोणाचीही असली, तरी जेथे वन आहे तेथे १९८० चा अधिनियम लागू झाला. तत्त्व उदात्त होते. परंतु अशी वने कोठे कोठे आहेत, याचा एकत्रित नकाशा देशात नव्हता.

ही उणीव किती गंभीर होती, हे मेघालयातील नोंगत्राई येथील चुनखडीच्या खाणीच्या प्रकरणात उघड झाले. खासी टेकड्यांतील या खाणीतून बांगलादेशातील छातक येथील सिमेंट कारखान्यास सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून चुनखडी जात असे. जमीन वनाची नाही, असा स्थानिक वनाधिकाऱ्याचा दाखला होता आणि त्याच्या आधारे २००१ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. पुढे त्या जागी नैसर्गिक वन असल्याचे निष्पन्न झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०११ रोजी निर्णय देताना नंतर दिलेली मंजुरी उचलून धरली. परंतु भविष्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत भौगोलिक माहिती प्रणालीवर आधारित निर्णयसाहाय्यक माहितीसंग्रह निर्माण करण्याचा आदेश होता. त्यात जिल्हावार, अधिनियमाच्या अर्थाने वन ठरणाऱ्या प्रत्येक भूखंडाची हद्द, संरक्षित क्षेत्रांचे गाभा व परिघ भाग, वन्य प्राण्यांचे महत्त्वाचे मार्ग, आणि पूर्वी वनेतर कामासाठी वळविलेली जमीन यांची नोंद असावयाची होती. स्थलदर्शक नकाशे, वन सर्वेक्षणाचे नकाशे आणि पूर्वीच्या मंजुऱ्यांतील अटी यांचाही त्यात समावेश व्हावयाचा होता.

या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व असे, की त्याने पुराव्याचे स्थान बदलले. तोवर जमिनीच्या स्वरूपाविषयी अधिकाऱ्याचा दाखला हा प्रमुख पुरावा होता. दाखला देणारा चुकला अथवा वश झाला, तर ते कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. आता दाखल्याची पडताळणी करू शकेल असा स्वतंत्र साक्षीदार उभा करण्याची कल्पना मान्य झाली. २०२३ च्या दुरुस्तीने अधिनियमाचा रोख अधिसूचित वनांवर आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर शासकीय दफ्तरात वन म्हणून नोंद असलेल्या जमिनींवर आणला. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोशातील अर्थ तूर्त पाळला जावा, असा अंतरिम आदेश दिला. या वादाचा शेवट कसाही होवो, दफ्तरातील नोंद व प्रतिमेतील वृक्ष यांपैकी कायद्याने कोणावर विश्वास ठेवावा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

६. सह्याद्री : चौकट की गाव?

पश्चिम घाटाच्या बाबतीत दोन समित्यांनी दोन निरनिराळी एकके स्वीकारली, आणि पुढील बऱ्याचशा वादाचे बीज या निवडीत होते. मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. या गटाने पाच मिनिटे अक्षांश व पाच मिनिटे रेखांश अशा, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या, जवळपास २२०० चौकटी आखल्या; प्रत्येक चौकटीस प्रदेशनिष्ठ वनस्पती, सस्तन प्राणी, वनाचे प्रमाण, उतार, उंची इत्यादी निकषांवर गुण दिले; आणि त्यांवरून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचविल्या. अखेरची आखणी स्थानिक जनतेच्या, विशेषतः ग्रामसभांच्या, सहभागाने व्हावी, असे या गटाने सांगितले होते. चौकट हे निसर्गाभ्यासाचे एकक आहे. तिचे क्षेत्र सुमारे ८१ चौरस किलोमीटर असते आणि तिच्या कडा कोणत्याही शिवेशी जुळत नाहीत.

ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. त्याने पश्चिम घाटाचे क्षेत्र १,६४,२८० चौरस किलोमीटर धरले, २४ मीटरांच्या चित्रघटकाच्या उपग्रहप्रतिमा वापरल्या, आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले. हा चित्रघटक जमिनीवर सुमारे पावणेसहा गुंठ्यांचा होतो. म्हणजे निरीक्षण चौकटीपेक्षा कितीतरी सूक्ष्म झाले. परंतु बंधनाचे एकक म्हणून गाव स्वीकारले गेले. ज्या गावाच्या क्षेत्राचा २० टक्के वा अधिक भाग संवेदनशील, ते संपूर्ण गाव यादीत आले. महाराष्ट्रातील अशा क्षेत्राचे परिमाण १७,३४० चौरस किलोमीटर, गोव्यातील १,४६१ चौरस किलोमीटर.

सूक्ष्म निरीक्षणाचे असे स्थूल बंधनात रूपांतर होताना काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. एकवीस टक्के नैसर्गिक आच्छादन असलेले गाव पूर्णतः बंधनात आले. एकोणीस टक्के असलेले शेजारचे गाव पूर्णतः मोकळे राहिले. डोंगरमाथ्यावरील राईमुळे पायथ्याच्या शेतकऱ्याला आपल्या शेतावर निर्बंध आल्यासारखे वाटले, आणि दगडखाणीच्या चालकाला मात्र यादीबाहेरचे गाव शोधणे सोपे झाले. प्रशासनाच्या बाजूने गावाची निवड समजण्यासारखी आहे. गावाला नाव असते, यादी करता येते, राजपत्रात छापता येते. सर्व्हे नंबरपर्यंत रेषा न्यावयाची, तर गावनकाशे आधी पृथ्वीगोलावर बसविले पाहिजेत. केरळाने स्वतंत्र समितीमार्फत प्रत्यक्ष पाहणी केली आणि तेथील क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३·७ चौरस किलोमीटरवर आले. १० मार्च २०१४ च्या मसुद्यात एकूण क्षेत्र ५६,८२५ चौरस किलोमीटर धरले गेले ते त्यामुळेच. त्यानंतर मसुदे पुन्हा पुन्हा काढावे लागले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमधील भूस्खलनाच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. दहा वर्षे व सहा मसुदे हा काळ, प्रतिमेतील रेषा गावाच्या शिवेवर उतरविणे किती कठीण आहे, याचे मापच होय.

७. संगणकीय अर्ज

२००६ च्या सप्टेंबरमधील अधिसूचनेने प्रकल्पांची वर्गवारी, जनसुनावणी व मूल्यमापन यांची चौकट घालून दिली. तिच्या सर्वसाधारण अटीनुसार संरक्षित क्षेत्र अथवा राज्यांची सीमा दहा किलोमीटरच्या आत असल्यास काही प्रकल्पांची वर्गवारी बदलत असे; २०१४ साली हे अंतर पाच किलोमीटर झाले. १० ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र शासनाची परिवेश ही व्यवस्था सुरू झाली. पर्यावरण, वन, वन्यजीव व किनारा या मंजुऱ्यांचे अर्ज तेथे एकत्र आले आणि प्रकल्पाची हद्द संगणकीय आकृतीच्या रूपाने अर्जासोबत जोडणे रूढ झाले. त्या आकृतीवर वनांचे, अभयारण्यांचे व जलप्रवाहांचे थर चढवून अंतर तत्काळ काढता येते.

या सुधारणेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पूर्वी महिनोन्महिने चालणारा पत्रव्यवहार आता क्षणात होतो. एका अर्जात एक हद्द व दुसऱ्या अर्जात दुसरी, अशी लबाडी लपविणे कठीण झाले आहे. तरीपण तीन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली, हद्दीची आकृती अर्जदार स्वतः पुरवितो. ती सर्व्हे नंबरच्या खऱ्या हद्दीशी जुळते काय, हे भूकरमापकाच्या मोजणीवाचून कळत नाही. दुसरी, जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर आधारलेले आहेत, तर उपग्रहाधारित यंत्रे जागतिक गोलाभावर स्थान सांगतात. योग्य रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर ठेवले, तर आपल्या भागात सुमारे शंभर मीटर वा अधिक अंतर पडते. पन्नास मीटरांच्या पट्ट्याच्या कायद्यात हे अंतर क्षम्य नाही. तिसरी, अभयारण्यांच्या व राखीव वनांच्या कित्येक जुन्या अधिसूचनांत हद्दी शब्दांनी वर्णिलेल्या आहेत: अमुक नाल्यापासून अमुक डोंगरधारेपर्यंत, तेथून अमुक गावाच्या शिवेने. नाला पात्र बदलतो, गावे विभागली जातात. शब्दांवरून काढलेली रेषा हा एक अर्थनिर्णय असतो. पडद्यावर मात्र ती इतर रेषांइतकीच निश्चित दिसते.

१५ फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २८ डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांनी नकाशे तयार करणे व वापरणे सर्वांस पुष्कळ मोकळे केले आहे. जनसुनावणीत नागरिकाच्या हाती पडणाऱ्या प्रादेशिक भाषेतील सारांशात नकाशा असलाच, तर तो बहुधा लहान प्रमाणावरचा असतो. आपले शेत, आपली विहीर, आपला बांध त्यात शोधता आला नाही, तर हरकत नेमकी घेता येत नाही. आणि मोघम हरकत फेटाळणे सोपे असते.

८. उपसंहार

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पर्यावरणीय मंजुरीतील नकाशा हा एकजिनसी दस्तऐवज नाही. त्यात महसुली मोजणी, त्रिकोणमितीय सर्वेक्षण आणि उपग्रहप्रतिमा यांचे थर असतात. प्रत्येकाचा हेतू, काळ व अचूकता भिन्न असते. वाद बहुतेक वेळा या थरांच्या सांध्यावर उद्भवतात. कांदळवनांच्या प्रकरणात सांधा नीट जुळविण्यात आला, म्हणून संरक्षण टिकले. पश्चिम घाटाच्या बाबतीत तो गावाच्या पातळीवरच सोडून देण्यात आला, म्हणून दहा वर्षे मसुद्यांत गेली.

यावरून व्यवहाराच्या दृष्टीने एक किमान मागणी पुढे येते. मंजुरीसाठी वापरलेल्या प्रत्येक रेषेसोबत तिचे मूळ साधन, वर्ष, प्रमाण व अनिश्चितता यांची नोंद असावी, आणि ती नोंद जनसुनावणीपूर्वी गावनकाशाच्या प्रमाणावर, मराठीत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात उपलब्ध असावी. जेथे पट्ट्याची रुंदी व रेषेची अनिश्चितता तुल्य आहेत, तेथे प्रत्यक्ष मोजणीखेरीज निर्णय होऊ नये.

इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासकांसही येथे एक मोठे क्षेत्र मोकळे आहे. खारभूमीच्या बांधांची दफ्तरे, गावकारीचे खाजणविषयक लेख, राखीव वनांच्या मूळ अधिसूचना, मोजणीची टिपणे ही आजवर आर्थिक इतिहासाची साधने मानली गेली. १९९१ पूर्वीचा बांध अथवा १९८० ची वननोंद हाच जेव्हा कायद्याचा निकष ठरतो, तेव्हा ती साधने चालू वादांत पुरावा बनतात. त्यांची तालुकावार सूची करणे, त्यांतील हद्दींची वर्णने आजच्या नकाशावर बसविणे आणि जेथे अर्थ संदिग्ध आहे तेथे ती संदिग्धता प्रामाणिकपणे दाखविणे, हे काम संगणकतज्ज्ञ एकटा करू शकणार नाही. मोडी वाचणारा, पोर्तुगीज दफ्तर चाळणारा आणि शिवेवर जाऊन दगड पाहणारा अभ्यासक त्यास हवा आहे. हे काम लवकर झाले पाहिजे, कारण कागद जीर्ण होत आहेत, बांध फुटत आहेत, आणि मंजुऱ्यांचे अर्ज मात्र रोज दाखल होत आहेत.